अलिंदातून उठणारी जलद धडधड : निदान आणि उपचार

विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ व्यक्तीचे हृदय मिनिटाला साधारणतः ६० ते १०० वेळा आकुंचन पावते. हे ठोके उजव्या अलिंदातील, म्हणजेच हृदयाच्या उजवीकडील वरच्या कप्प्यातील, एका लहानशा पेशीसमूहात उगम पावतात. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन केले. या केंद्राऐवजी अलिंदातील दुसऱ्याच एखाद्या जागेतून विद्युत-संदेश वेगाने निघू लागले, की अलिंदाचा वेग मिनिटाला २५० पर्यंतही जाऊ शकतो. या विकारास एट्रियल टॅकिकार्डिया म्हणतात.

झटका अचानक येतो. छातीत धडधड, धाप, घेरी, क्वचित शुद्ध हरपणे ही त्याची लक्षणे होत. मात्र बहुतेकदा तो आपोआप थांबतो आणि रुग्ण दवाखान्यात पोहोचेपर्यंत नाडी पूर्ववत झालेली असते. त्यावेळी काढलेला ईसीजी निर्दोष येतो आणि सारा दोष मनाच्या अस्वस्थतेवर ढकलला जातो. स्त्रियांच्या बाबतीत हे अधिक घडते. वास्तविक, झटका चालू असताना जवळच्या केंद्रात काढलेली ईसीजीची एक पट्टी नंतरच्या अनेक महागड्या तपासण्यांपेक्षा मोलाची ठरते. ती जपून ठेवावी. झटके वारंवार येत असल्यास २४ तासांची होल्टर तपासणी उपयोगी पडते. ते महिनोन्‌महिन्यांनी येत असतील, तर त्वचेखाली बसविण्याचे नोंदयंत्र वापरता येते.

या पट्टीचे महत्त्व अशासाठी, की धडधड एकसारखी भासली तरी तिची कारणे भिन्न असतात. काही रुग्णांत अलिंद आणि निलय यांमधील जोडकेंद्रात दोन मार्ग असतात व संदेश त्यांतून गोल फिरत राहतो; अचानक सुरू होऊन अचानक थांबणाऱ्या झटक्यांचे हे सर्वाधिक आढळणारे कारण आहे. काहींमध्ये जन्मतःच एक जादा वाहक तंतू असतो. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट यांनी १९३० मध्ये वर्णिलेला विकार तो हाच. अशा रुग्णाच्या अलिंदात कंपन सुरू झाले असताना व्हेरापामिल दिल्यास जिवावर बेतू शकते. फुप्फुसांच्या जुनाट आजारात अलिंदातील अनेक जागांतून ठोके निघतात. तेथे मूळ आजाराचा उपचार आधी करावा लागतो. डिजॉक्सिनची मात्रा अधिक झाल्यानेही एट्रियल टॅकिकार्डिया उद्भवतो.

झटका थांबविण्यासाठी प्रथम श्वास रोखून जोर लावण्याची क्रिया करवून घेतात. ब्रिटनमध्ये ४२८ रुग्णांवर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोर लावल्यानंतर लगेच रुग्णाला आडवे करून पाय वर उचलल्यास ४३ टक्के रुग्णांचा ताल सुधारला. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण १७ टक्के होते. त्यानंतर ॲडेनोसिनचे इंजेक्शन देतात. त्याचा परिणाम काही सेकंदच टिकतो. दम्याच्या रुग्णांत ते टाळले जाते. एट्रियल टॅकिकार्डिया त्याने थांबला नाही, तरी निलयाचे ठोके क्षणभर रोखले गेल्याने अलिंदाच्या लहरी स्पष्ट दिसतात आणि निदान होते. रक्तदाब कोसळला असेल, तर विजेचा नियंत्रित झटका देणे हाच मार्ग उरतो.

दीर्घकालीन उपचारांत बीटा-ब्लॉकर गटातील औषधे वापरतात. कॅथेटर ॲब्लेशनमध्ये जांघेतील शिरेतून नळी हृदयापर्यंत नेऊन दोषी जागा उष्णतेने निकामी करतात. जोडकेंद्रातील दुहेरी मार्गाच्या विकारात त्याने बहुतेक रुग्ण कायमचे बरे होतात. महिनोन्‌महिने चालू राहिलेल्या टॅकिकार्डियाने हृदयाचा स्नायू दुबळा होतो. ताल नियंत्रणात आल्यावर तो पुष्कळदा पुन्हा सावरतो.

एट्रियल फिब्रिलेशनचा प्रश्न वेगळा आहे. त्यात अलिंद केवळ थरथरते, रक्त साकळते आणि गुठळी मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. भारतात संधिज्वरामुळे मायट्रल झडप अरुंद झालेले अनेक रुग्ण तरुण वयाचे असतात. त्यांच्यासाठी वॉरफरिन गटातील जुनी औषधे आजही योग्य मानली जातात. भारतासह अनेक देशांतील साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवरील, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीत, नव्या रिव्हारोक्साबॅनपेक्षा या औषधांवरील रुग्णांमध्ये मृत्यू कमी आढळले. मात्र त्यासाठी आयएनआर ही रक्ततपासणी नियमित करून तिचा आकडा सामान्यतः २ ते ३ दरम्यान राखावा लागतो.