गिरणगांवची खाणावळ

पुसदच्या काळ्या जमिनींत पिकलेला कापूस एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बैलगाडीनें निघे. आगगाडी पुसदपर्यंत आलेली नव्हती. तालुकाही त्या वेळीं वाशीम जिल्ह्यांत मोडत असे. यवतमाळ जिल्ह्यास तो १९०५ सालीं जोडला गेला. गाड्यांच्या रांगा दूरचा लोहमार्ग गांठीत आणि तेथून वऱ्हाडचा कापूस मुंबईची वाट धरी. अमेरिकेंतील यादवी युद्धानें १८६१ ते १८६५ या काळांत त्यास सोन्याचा भाव आला. १८७० सालीं खामगांवच्या लोहमार्गाचें उद्घाटन खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्तें झालें. हा सर्व इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. मुंबईस पोचलेल्या कापसाचें सूत कोणीं काढलें, कापड कोणीं विणलें, नफा कोणीं मिळविला, हेंही लिहिलें गेलें आहे. सूत काढणारा मनुष्य दिवसाकांठीं जेवत होता कोठें, या साध्या प्रश्नाकडे मात्र त्या मानानें थोड्यांचेंच लक्ष गेलें.

कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं कंपनी स्थापन केली आणि १८५६ सालीं ताडदेव येथें मुंबईची पहिली कापडगिरणी चालूं झाली. पुढें परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी या बाजूस धुराड्यांचें रानच उभें राहिलें. त्यांखालीं राबणारा कामगार रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून येई, आणि बहुधा एकटा येई. बायको गांवीं शेताचा तुकडा आणि म्हाताऱ्या माणसांना संभाळून राही. पगार दोन बिऱ्हाडांना पुरण्याजोगा नसे. १९२१ च्या खानेसुमारींत मुंबईंतील स्त्रियांची संख्या पुरुषांच्या जवळजवळ निम्मी भरली. ज्या शहरांत दर दोन पुरुषांमागें एक स्त्री, तेथें दर दोन पुरुषांपैकीं एकास घरची चूल नाहीं, हा हिशेब अगदीं काटेकोर नसला तरी स्थितीची कल्पना देण्यास पुरेसा आहे.

एका गांवचे वीस-पंचवीस गडी मिळून एक खोली भाड्यानें घेत. दिवसपाळीचा कामावर गेला कीं रात्रपाळीचा त्याच जागेवर वळकटी पसरी. डेव्हलपमेंट खात्यानें पुढें वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांतील खोली सुमारें १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेंत इतक्या पुरुषांनीं स्वयंपाक मांडणें शक्य नव्हतें, आणि बारा-बारा तास यंत्रापुढें उभें राहून परतलेल्या माणसाच्या अंगांत भाकरी थापण्याचें त्राणही उरत नसे. म्हणून त्याच चाळींत, दोन दारें सोडून, कोणी बाई त्यांच्यासाठीं रांधूं लागली. गिरणगांवची खाणावळ ती हीच. तिला पाटी नव्हती, परवाना नव्हता, मेज-खुर्ची नव्हती. पॅरिसमध्यें १८५५ च्या सुमारास द्युव्हाल नांवाच्या खाटकानें बाजारांतील कष्टकऱ्यांसाठीं स्वस्त रश्श्याचीं भोजनगृहें काढलीं, आणि त्यांतून पुढें मोठा व्यापार उभा राहिला. परळच्या बाईस असा व्यापार साधला नाहीं. कां साधला नाहीं, तें तिचा जमाखर्च पाहिला म्हणजे कळतें.

खाणावळवाली बहुधा विधवा तरी असे, किंवा जिचा नवरा यंत्रांत हात गमावून अथवा छातीच्या विकारानें घरीं बसला आहे अशी तरी. गिरणीचा भोंगा होण्यापूर्वीं पहिल्या पाळीचे डबे भरून व्हावयाचे, म्हणून तिचा दिवस पहांटे चारला सुरू होई. घांटावरच्यांना भाकरी आणि झणझणीत कालवण, कोंकणांतल्यांना भात, आमटी, परवडेल तेव्हां सुकट नाहीं तर बोंबील. ज्या गांवचे लोक, त्या गांवची चव. मसाला सुद्धां तिकडचाच मागविलेला. परक्या शहरांत आपल्या तालुक्याच्या हातचें जेवण मिळणें ही कामगाराच्या लेखीं लहान गोष्ट नव्हती. आंत जेवायला बसणाऱ्यांची पंगत खोलींतच भिंतीला लागून बसे. एक उठली कीं दुसरी. तोंवर बाईचीं स्वतःचीं मुलें गॅलरींत ताटकळत. नेहमींच्या गिऱ्हाइकास ‘मेंबर’ म्हणत, तो जेवावयास आला नाहीं तर त्याचा ‘खाडा’ मांडला जाई, आणि बाईला सगळे मावशी नाहींतर वहिनी म्हणून हांक मारीत. या नात्याच्या हांकेंत प्रेम होतें, आणि पैसे थकले असतां तोंड दाखविण्याची सोयही होती.

पैसे थकत, याचें कारण गिरणीच्या रिवाजांत होतें. पगार महिन्याचा, आणि तो हातीं पडावयाचा पुढील महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेच्या सुमारास. म्हणजे पहिल्या तारखेस जेवूं लागलेल्या मेंबराचा पहिला पैसा बाईस सुमारें सहा आठवड्यांनीं दिसे. त्या सहा आठवड्यांचे तांदूळ, डाळ, तेल, कोळसा तिनें आणावयाचा कोठून? वाण्याकडून उधार, आणि वाण्याची उधारी तुंबली म्हणजे सावकाराकडून व्याजानें. मालक कामगाराचा पगार अडकवून ठेवी, तो कामगार खाणावळवालीचे पैसे अडकवी, आणि व्याज मात्र साखळीच्या शेवटच्या कडीनें, म्हणजे बाईनें, भरावयाचें. १९३६ च्या कायद्यानें हजारावर कामगार असलेल्या गिरणीस दहा दिवसांच्या आंत व लहान कारखान्यास सात दिवसांच्या आंत पगार चुकता करण्याचें बंधन घातलें. त्या कायद्याचे गोडवे कामगारांच्या बाजूनें गाइले जातात तें योग्यच. पण त्याचा लाभ चुलीपाशीं बसलेल्या या स्त्रियांनाही झाला, हें सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं.

कोणी विचारील, कामगार हॉटेलांत कां जात नसे? जात असे, पण हॉटेलें निराळ्या जगाचीं होतीं. गिरगांवांत माधवाश्रमासारखीं भोजनालयें १९०८ पासून होतीं, १९१० सालीं दादरला मामा काणे यांचें उपाहारगृह निघालें, माटुंग्यास १९४२ सालीं रामा नायक यांनीं श्रीकृष्ण बोर्डिंग काढलें. तेथील गिऱ्हाईक मुख्यतः कारकून, विद्यार्थी, मास्तर. कोपऱ्यावरच्या इराण्याची गोष्ट वेगळी. याझ्द वगैरे भागांतून आलेल्या या मंडळींनीं संगमरवरी मेजें मांडलीं, ब्रून आणि पाव-मस्का ठेवला, आणि कपभर चहावर कितीही वेळ बसण्याची मुभा दिली. १९०४ सालचें कयानी हें त्यांतलेंच. इराणी जात विचारीत नसे. ही सवलत किती मोठी होती, हें समजण्यासाठीं पुण्यांत काय घडलें तें आठवावें. १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें चहा-बिस्किटें देण्यांत आलीं. उपस्थितांत न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें छापून आणलीं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि रानड्यांसारख्यालाही अखेर प्रायश्चित्त घ्यावें लागलें. एका पेल्याची ही किंमत!

खाणावळ मात्र जातीबाहेर गेली नाहीं. ज्या जातीची बाई, बहुधा त्याच जातीचे मेंबर. गिरणींतही तोच प्रकार होता: अस्पृश्य मानलेल्या कामगारांस विणकाम खात्यांत शिरकाव नव्हता, कारण धोट्यांतील दोरा तोंडानें ओढावा लागे आणि इतरांना तो विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हा अन्याय पुढाऱ्यांसमोर आग्रहानें मांडला. २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदानें सार्वजनिक उपाहारगृहांचीं दारें सर्वांना उघडीं केलीं. परंतु खाणावळ हें उपाहारगृहही होतें आणि कोणाचें तरी स्वयंपाकघरही होतें. ज्या घरगुतीपणामुळें कामगारास ती आपली वाटे, त्याच घरगुतीपणाच्या आडोशास जातीची पंगत कायद्यानंतरही टिकून राहिली. खाणावळीचें कौतुक करणाऱ्यांनीं ही बाजू झांकूं नये.

तिची खरी परीक्षा संपांत होई. १९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारें दीड लाख कामगार त्यांत होते. ज्यांना शक्य होतें ते कोंकणांत, घांटावर निघून गेले. जे चाळींत राहिले त्यांना जेवूं घालावयाचें कीं दार लावून घ्यावयाचें, हा प्रश्न प्रत्येक खाणावळवालीपुढें उभा राही. व्यवहार पाहिला तर दार लावणेंच शहाणपणाचें. पण आज उपाशी परत पाठविलेला मेंबर उद्यां गिरणी चालूं झाल्यावर दुसऱ्या खाणावळींत जाईल, आणि मागची बाकी त्याच्याबरोबरच जाईल, हाही व्यवहारच होता. शिवाय तो गांवचा, नात्यांतला. बहुधा ती वाढीत राही, आणि त्यासाठीं डोरलें नाहींतर पितळेचीं भांडीं गहाण पडत. संप किती दिवस टिकेल, याचा अंदाज पुढारी सभांतून बांधीत. त्याचा एक भाग या बायकांच्या डब्यांतील तांदळावर अवलंबून होता.

हाच प्रसंग पंचेचाळीस वर्षांनीं पुन्हां आला. पुसद तालुक्यांतील गहुली गांवचे वसंतराव नाईक त्या वेळीं महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. १९४६ ते १९५२ या काळांत पुसद नगरपालिकेचें अध्यक्षपद भूषविलेल्या या गृहस्थांकडे १९६३ सालीं राज्याचीं सूत्रें आलीं. १९७२ च्या भीषण दुष्काळांत त्यांच्या सरकारनें गांवोगांव कामें काढलीं व तेथील मजुरांना सुकडी वाटली. मुंबईंत मात्र १९७३-७४ सालीं गिरणी कामगारांचा ४२ दिवसांचा संप झाला तेव्हां संपवाल्यांना सुकडी नव्हती. त्यांना खाणावळवाल्यांनींच उधारीवर पोसलें. संप मिटला, कामगारांच्या मागण्यांचा विचार झाला, आणि बायका सावकाराच्या दारांत पहिल्यापेक्षां खोल रुतल्या. त्यांची मागणी कोणत्याही मागणीपत्रांत नव्हती, कारण कोणत्याही कायद्यानें त्या कामगार ठरत नव्हत्या.

गोवा मुक्तिलढ्यांतून आलेल्या व कामगार चळवळींत वावरलेल्या प्रेमा पुरव यांना हें दिसलें. १९६९ सालीं चौदा मोठ्या बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें होतें आणि दुर्बलांना कर्ज देण्याचें धोरण जाहीर झालें होतें. पण जिच्यापाशीं तारण ठेवण्यास भांड्यांवांचून कांहीं नाहीं आणि सहीच्या जागीं अंगठाच उठतो, अशा बाईस बँकेची पायरी कोण चढूं देणार? पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें आणि आरंभीं चौदा खाणावळवाल्यांना बँकेचें कर्ज मिळवून दिलें. बायकांनीं गट करून एकमेकींची हमी घ्यावयाची, हीच त्यांची पत. बँकेचा व्याजदर सावकाराच्या मानानें नगण्य, म्हणून हप्ते फिटत आणि मागून येणारीला वाट मोकळी होई. सावकार ज्या व्यवहारावर पिढ्यान् पिढ्या जगला, तो बुडित नव्हे तर अगदीं सुरक्षित होता, हें या हप्त्यांनीं सिद्ध झालें. प्रेमा पुरव यांना २००२ सालीं पद्मश्री मिळाली.

मंडळाचा जम बसतो आहे तोंच गिरण्यांचा अंत आला. १८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप विधिपूर्वक मागें घेतलाच गेला नाहीं. उधारी चालविण्यासाठीं कधीं तरी पगार होईल अशी आशा लागते; ती या वेळीं संपली. मेंबर गांवीं गेले ते परतले नाहींत, वह्यांतील बाकी वह्यांतच राहिली. आतां कामगारांच्या घरच्या बायका चूल मांडूं लागल्या. पूर्वीं खाणावळवाली कामगाराच्या पगारावर जगत होती. आतां पगार गेलेल्या कामगाराचें घर पोळ्या लाटणाऱ्या बाईवर जगूं लागलें. ‘पोळी-भाजी केंद्र’ ही पाटी मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय गल्ल्यांतून दिसूं लागली तिच्यामागें असेही हात होते.

सरकारनेंही स्वस्त जेवणाचा प्रयोग दोनदां केला. १९९५ सालीं एक रुपयांत झुणका-भाकर देणारीं केंद्रें निघालीं, आणि कांहीं वर्षांतच त्या जागांचा उपयोग दुसऱ्याच धंद्यांसाठीं होऊं लागल्याची ओरड झाली. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी आली: तीस-तीस ग्रॅमच्या दोन पोळ्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशें ग्रॅम भात, शंभर ग्रॅम वरण, गिऱ्हाइकाकडून दहा रुपये. तिचा धरलेला खर्च शहरांत पन्नास व ग्रामीण भागांत पस्तीस रुपये, आणि वरची रक्कम सरकार केंद्रचालकास देणार. त्याच वर्षीं ती तालुक्याच्या गांवांपर्यंत नेण्यांत आली, आणि टाळेबंदींत तिचा दर पांच रुपयांवर उतरला. या हिशेबांत थाळीच्या किंमतीचा मोठा भाग उधारीवरच असतो; फरक इतकाच कीं उधार घेणारा मेंबर नसून सरकार असतें.

परळ-लालबागेंत गिरण्यांच्या जागीं कचेऱ्या व बाजारपेठा उभ्या राहिल्या. तेथील आडव्या गल्ल्यांतून दुपारीं साडेबारानंतर डबे निघतात. खाणारे आतां गळ्यांत ओळखपत्र अडकविलेले नोकरदार असतात आणि पैसे बहुधा लागलीच चुकते होतात, मोबाईलवरून.