रॉयल बॉम्बे यॉट क्लब

मुंबई बंदरातील शिडाच्या नौकांचा सर्वांत जुना क्लब. स्थापना १८४६. स्थान : अपोलो बंदर, कुलाबा, गेटवे ऑफ इंडियासमोर. १८७६ मध्ये व्हिक्टोरिया राणीने ‘रॉयल’ ही उपाधी दिली. तेव्हापासून ‘स्टार ऑफ इंडिया’चे चिन्ह असलेले निळे निशाण फडकवण्याचा मानही क्लबकडे आला.

वास्तू : जुने क्लबघर समुद्राला लागून होते. त्याच्या समोरची, आज वापरात असलेली इमारत मूळ सभासदांच्या निवासासाठी बांधलेली; वास्तुविशारद जॉन ॲडम्स, काळ १८९६ च्या सुमाराचा. ताजमहाल हॉटेल (१९०३) आणि गेटवे (१९२४) त्यानंतरचे. जुन्या क्लबघरात १९४९ मध्ये डॉ. होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था आली. १९६२ मध्ये कुलाब्याच्या टोकाशी तिची स्वतःची वास्तू खुली होईपर्यंत भारतीय अणुविज्ञानाचे महत्त्वाचे काम येथे झाले.

सभासदत्व : ब्रिटिश अमदानीत क्लबचे दार भारतीयांना बंद होते. ज्या बंदरात कोळी-भंडारी पिढ्यान्‌पिढ्या शीड हाकत आले, तेथेच हा भेद पाळला गेला, ही या इतिहासातील खेदाची बाब होय. स्वातंत्र्यानंतर क्लब भारतीयांचा झाला.

परंपरा : प्रमुखास कमोडोर म्हणतात, त्याखाली व्हाइस कमोडोर व रिअर कमोडोर. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने शर्यतींचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो. दुपारी समुद्राकडून वाहणारा खारा वारा आणि भरती-ओहोटीची ओढ यांचा अंदाज ज्याला साधतो, तो पुढे जातो. ठरलेल्या तरंगत्या खुणांना ठरलेल्या बाजूने वळसा घालून शर्यत पुरी करावी लागते. वारा समोरून असेल तर नौका सरळ जाऊ शकत नाही, ती नागमोडी न्यावी लागते. ‘सीबर्ड’ या जुन्या वर्गाच्या नौका एकाच आराखड्याच्या असतात, म्हणून त्यांच्या शर्यतीत पैशापेक्षा कौशल्याची परीक्षा होते.

व्यापक संदर्भ : १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीत झाल्या, पण शीडनौकांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात. त्यांत फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ वर्गात सुवर्णपदक मिळवले. मुंबईच्या पाण्याने भारताला मिळवून दिलेला हा मान या खेळाच्या इतिहासात मोलाचा आहे. महाराष्ट्राला एवढा मोठा किनारा लाभला असताना हा खेळ मूठभरांपुरता राहू नये. गावोगावच्या मुलांना तो शिकता यावा, यातच या जुन्या परंपरेचे सार्थक आहे.