शिव्या द्या, पण मैदानावर येऊन द्या

१ जून २०१८ रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० असे हरवले. कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले. पाहायला होते अवघे २,५६९ लोक. मुंबईसारख्या शहरात! दुसऱ्या दिवशी छेत्रीने जाहीर विनवणी केली. आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर येऊन करा, असा तिचा मथितार्थ. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता. सगळी तिकिटे संपली. भर पावसात भारत ३-० ने जिंकला.

मग उपकार कोणाचे कोणावर? तिकीट काढणारा म्हणतो, पैसे मोजलेत, बोलणारच. छेत्रीने तो हक्क नाकारला नाही, फक्त त्याची जागा सांगितली. मला हे मोलाचे वाटते. अर्थात वरणगावच्या फॅक्टरीतल्या कामगाराला मुंबईचा सामना म्हणजे रजा टाकून भुसावळहून गाडी पकडणे. तो टीव्हीपुढेच ओरडणार. त्याची निष्ठा कमी कशी म्हणावी?

कोल्हापुरात कोणाला बोलवावे लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा अशा तालमींचे संघ उतरले की पेठच्या पेठ तिथे लोटते. संघ घरचाच, त्यामुळे आभाराची भाषा नाही. हक्क मात्र इतका की समर्थकांच्या हाणामाऱ्याही झाल्या आहेत. हेही झाकू नये.

६ जून २०२४ रोजी कोलकात्यात छेत्रीचा निरोपाचा सामना झाला. (२०२५ मध्ये तो परतला, ते वेगळे.) कुवेतशी ०-० बरोबरी झाली, कोणी जिंकले नाही. तरी भरलेल्या सॉल्ट लेक मैदानाभोवती फिरून तो प्रेक्षकांना हात जोडत होता.