मांसार्बुद आणि मुखांतील गांठ

वैद्यकाच्या पोथ्या ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांस ‘मांसार्बुद’ हा शब्द परिचित असेलच. ‘सार्कोमा’ ह्या पाश्चात्त्य संज्ञेस कित्येक लेखक हाच शब्द योजितात. ग्रीक भाषेंत ‘सार्क्स’ म्हणजे मांस. तेव्हां शब्दास शब्द जुळला. रोगास रोग जुळतो काय, हा प्रश्न मात्र निराळा. गडचिरोलीकडील एका जुन्या विद्यार्थ्याच्या पत्रामुळें आम्हांस तो नव्यानें पाहावा लागला. त्याच्या नात्यांतील एका मुलाच्या टाळूस गांठ आली होती. दाढेचा विकार समजून दोन महिने औषधें झालीं. आणि आतां आमच्या पोथींत मांसार्बुदावर उपाय आहे काय, असें तो विचारीत होता.

सुश्रुतानें निदानस्थानाच्या ११ व्या अध्यायांत अर्बुदाचें लक्षण सांगितलें आहे. गांठ वाटोळी, स्थिर, खोल मुळाची, अल्प वेदनेची, न पिकणारी आणि सावकाश वाढणारी. पैकीं मांसार्बुद आघातानें दूषित झालेल्या मांसांत उद्भवतें. तें वेदनारहित, दगडासारखें कठीण व असाध्य. १६ व्या अध्यायांत मुखाचे ६५ रोग सात स्थानांत विभागले असून टाळूच्या ९ रोगांतही एक कमलाकार अर्बुद आहे. निरीक्षण सूक्ष्म आहे. दुखत नाहीं म्हणूनच रोगी उशिरां येतो.

तथापि ‘चिरवृद्धि’ हें पद ह्या समीकरणाच्या आड येतें. वेबर ह्यानें १८५४ मध्यें वर्णिलेला रॅब्डोमायोसार्कोमा मुख्यतः मुलांस होतो, विरळ असतो, आणि कित्येकदां थोड्या आठवड्यांतच फोफावतो. त्याच्या पेशींत स्नायूंचीं लक्षणें दिसतात. येथें सांगितलें पाहिजे कीं, सुश्रुताची ‘पेशी’ म्हणजे आजचा स्नायु, आणि आजची ‘पेशी’ निराळीच. संज्ञा एक म्हणून वस्तु एक मानूं नये, ह्याचें हें घरचेंच उदाहरण.

१९८२ पर्यंत एकच जिल्हा असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलींत ही गल्लत अधिक घातक. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा तेथें घरोघर. २०१२ मध्यें राज्यांत गुटख्यास बंदी झाली तरी खर्रा राहिला. त्या व्यसनानें होणारा मुखाचा कर्करोग बहुधा आवरणत्वचेचा असतो. मांसांतून उठणारी गांठ त्याहून भिन्न, आणि तंबाखूस न शिवलेल्या मुलाच्या टाळूस ती आली तर कर्करोगाची शंकाच कोणास येत नाहीं. डोळ्यांनीं किंवा बोटानें तिचा निर्णय होत नाहीं. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा लागतो. तेवढ्यानेंही न उमगल्यास डेस्मिन, मायोजेनिन ह्या प्रथिनांच्या रंजनानें ओळख पटते. नंतर फुप्फुसें व इतर अवयव तपासून रोग पसरला काय तें ठरवितात.

‘असाध्य’ हें पदही आतां जसेंच्या तसें घेतां येत नाहीं. रोग पसरण्यापूर्वीं सांपडल्यास औषधें, किरणोपचार व शस्त्रक्रिया ह्यांच्या योगानें अनेक मुलें बरीं होतात. पोथीवर विसंबून हें पद आम्हीं त्या घरीं कळविलें असतें तर काय झालें असतें, ह्याचा विचार नकोसा वाटतो. आम्हीं उलट टपालीं लिहिलें: पोथींत उपाय नाहीं, मुलास घेऊन नागपूर गांठ.

दुसरें पत्र नागपुराहून आलें. तुकड्याची तपासणी होऊन तोच रोग ठरला होता, फुप्फुसें निर्मळ होतीं, आणि औषधांचें पहिलें आवर्तन सुरू झालें होतें. हा विद्यार्थी अमरकोशांत फार कच्चा. पत्रांत मात्र रोगाचें नांव त्यानें अचूक लिहिलें होतें.