शब्दवेध : माकडताप

संस्कृत मर्कट, प्राकृत मक्कड, मराठी माकड. ‘ताप’ थेट ‘तप्’ धातूतला. जोडशब्द मात्र अलीकडचा. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापानं फणफणली. कन्नडमध्ये ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडाचा आजार, हे नाव रूढ झालं. 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात साथ आली, पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याकडे, आणि तिथल्या घराघरांत माकडताप हा शब्द पोचला.

नाव माकडावर अन्याय करणारं आहे. तेही बिचारं या तापाचा बळीच. विषाणू पसरवते पालापाचोळ्यातली गोचीड. माणसाला बहुधा चावतं ते तिचं खसखशीएवढं पिल्लू, चटकन दिसतही नाही. विषाणूंचं वर्गीकरण प्राण्यावरून होत नाही, रचनेवरून आणि जनुकांवरून होतं. माकडतापाच्या विषाणूचं कुळ फ्लेव्हिव्हिरिडी. लॅटिन ‘फ्लावुस’ म्हणजे पिवळा. पीतज्वरावरून ते नाव पडलं. डेंग्यूचा विषाणू याचाच भाऊबंद.

काजू वेचायला जाताना अंगभर कपडे घाला, परतल्यावर गरम पाण्यानं आंघोळ करा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.