आजीची फारकत आणि नातीचे लग्न

इस्राएलात १९६० नंतरच्या काही वर्षांत आपल्या समाजातील मुलामुलींचे लग्न ठरले की विवाहनोंदणीच्या रब्बींपुढे चौकशी होई. मुलीची आजी कोण, पणजी कोण? त्यांच्यापैकी कोणी फारकतीनंतर दुसरे लग्न केले होते काय? कोकणातल्या खेड्यातून आलेल्या माणसांकडे याचा कागद कुठून असणार? आजच्या तरुण पिढीला हे ऐकून नवल वाटेल. पण घटस्फोटासंबंधी जे प्रश्न आजही घरोघर विचारले जातात त्यांचे मूळ या इतिहासात आहे, म्हणून तो थोडक्यात सांगते.

आपल्या धर्मशास्त्राप्रमाणे फारकतीच्या लेखाला ‘गेट’ म्हणतात. तो त्या जोडप्याची नावे घालून बारा ओळींत लिहावा लागतो आणि नवऱ्याने दोन साक्षीदारांसमक्ष बायकोच्या हाती द्यावा लागतो. गेट नसेल तर पहिले लग्न उभेच राहते. मग त्या बाईला दुसऱ्या नवऱ्यापासून झालेली मुले ‘मामझेर’ ठरतात, आणि त्यांना व त्यांच्या वंशजांना समाजात सर्वसाधारणपणे लग्न करता येत नाही. निपुत्रिक विधवेला पुन्हा लग्न करायचे असेल तर दिराकडून ‘हलित्सा’ नावाचा विधी करून घ्यावा लागतो. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या लोकांना हे बारकावे ठाऊक नव्हते, अशी रब्बींना शंका होती.

शंकेला जागाच नव्हती असे मी म्हणत नाही. आपल्यात रब्बी नव्हते. गावचे तंटे काजी व मुकादम मिटवीत, मशिदीत हज्जान प्रार्थना चालवी. परंतु दुसरी बाजूही पाहावी. शेजारच्या समाजांप्रमाणे आपल्यातही विधवेचा पुनर्विवाह कमीपणाचा मानला जाई आणि फारकत क्वचितच होई. जिथे बाई बहुधा दुसरे लग्नच करीत नव्हती, तिथे चुकीच्या फारकतीतून झालेली संतती कितीशी असणार? भीती मोठी होती, तिला आधार मात्र थोडा होता.

मुख्य रब्बी यित्झाक निस्सिम यांच्या काळात, १९६१ च्या ऑक्टोबरात, मुख्य रब्बीमंडळाने बेने इस्राएलांशी विवाह तत्त्वतः मान्य केला. पण १९६२ साली निघालेल्या सूचनांत आईकडची वंशावळ शक्य तितकी मागे तपासावी, असे सांगितले गेले. इतर कोणत्याही देशातून आलेल्या यहुद्यांना अशी सरसकट अट नव्हती. आपल्या लोकांनी १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला ठिय्या दिला. अखेर १७ ऑगस्ट १९६४ रोजी कनेसेटची खास बैठक भरली. बेने इस्राएल सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत, असे पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने व कनेसेटने स्पष्ट केले. महिनाअखेरीस रब्बीमंडळाने सूचनांतून आपल्या समाजाचे नाव काढले.

इकडे भारतात अडचण वेगळीच होती. पारशांना १८६५ साली विवाहाचा कायदा मिळाला, ख्रिस्त्यांना १८६९ साली घटस्फोटाचा, हिंदूंना १९५५ साली. यहुद्यांसाठी असा स्वतंत्र कायदा आजही नाही. यहुदी जोडप्याचा खटला यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे चालविण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९२६ च्या एका निकालात ठरविले. ज्यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न केले वा धार्मिक लग्न त्याखाली नोंदविले, त्यांना त्या कायद्याची सर्व कलमे लागू होतात. दोघांच्या संमतीने घटस्फोट घेण्याची सोयही त्यात आहे.

परदेशी गेले की कोणता कायदा लागतो, हा पेच आपल्यापुरताच नाही. सौदी अरेबियात धाहरानला तेलाच्या उद्योगात नोकरीला गेलेल्या हिंदू मराठी जोडप्यांपुढेही तो उभा राहतो. लग्न नाशिकला हिंदू पद्धतीने लागलेले असेल तर नाशिकच्या न्यायालयात अर्ज करता येतो. परदेशातील न्यायालयाचा हुकूम मात्र भारतात आपोआप चालत नाही. ज्या कायद्याने लग्न लागले त्या कायद्यातील कारणांवरच, आणि दुसऱ्या बाजूला आपले म्हणणे मांडण्याची खरी संधी देऊन, तो दिलेला असला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले.

नर्स म्हणून नोकरी करताना बायका मला विचारीत, “कोर्टाने मोकळे केले, आता आणखी गेट कशाला?” उत्तर असे : इस्राएलात १९५३ च्या कायद्याप्रमाणे यहुद्यांचे विवाह व घटस्फोट रब्बींच्या न्यायालयाकडे आहेत. मुंबईचा हुकूम भारतात पुरतो, पण तिथे पुन्हा लग्न करताना रब्बी गेट मागतात. उलट, भारतात नुसत्या गेटवर विसंबू नये, न्यायालयाचा हुकूमही घ्यावा. नवरा गेट देत नसेल तर? रब्बींच्या न्यायालयाने त्याला तसा आदेश दिलेला असल्यास १९९५ च्या कायद्याखाली त्याचा पासपोर्ट, वाहनाचा परवाना, बँकेचे व्यवहार अडविता येतात. प्रसंगी तुरुंगातही टाकता येते.

तेव्हा केतुबा, विवाहनोंदणीचा दाखला, आणि घटस्फोट झाला असल्यास गेटचा दाखला व न्यायालयाचा हुकूम, हे सारे कागद एकत्र ठेवावेत आणि त्यांच्या नकला मुलींजवळ द्याव्यात. आपल्या आयांना हे कोणी सांगितले नव्हते. नातीचे लग्न अडले तेव्हा तो कागद शोधायला कोकणातल्या कोणत्या घरी जायचे, हेही कोणाला माहीत नव्हते.