लायसन, बिल्ला आणि परमिट

सकाळी सातच्या सुमारास चाकणच्या चौकात उभे राहिलात, तर कारखान्यांच्या पहिल्या पाळीची गर्दी दिसेल. पुणे-नाशिक रस्ता आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता इथे एकमेकांना छेदतात. एसटी येण्याआधी एखादी जीप नाही तर रिक्षा पुढ्यात येते आणि आतून आरोळी ऐकू येते, "चला, एक सीट, एक सीट!" आपल्याकडे या वाहतुकीला वडाप म्हणतात. वडापात आपण सगळेच बसलो आहोत. शाळेची घंटा गाठायची असली म्हणजे मास्तरही बसतात. आता गंमत पाहा. गाडी नवी असो, चालक निर्व्यसनी असो, लायसन खिशात असो, कायद्याचा आक्षेप आहे तो नेमका त्या आरोळीवर. असे का, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

भाड्याच्या गाडीवर सरकारची नजर मोटारीच्या फार आधीपासून आहे. लंडन शहरात १६५४ सालीच भाड्याच्या घोडागाड्यांच्या संख्येवर मर्यादा घातली गेली, आणि एकोणिसाव्या शतकात तिथल्या गाडीवानाला नंबराचा बिल्ला लावणे भाग पडले. इंग्रजी अंमलात हीच रीत आपल्याकडे आली. मुंबई शहरातील भाड्याच्या गाड्यांसाठी १८६३ साली कायदा झाला, १९२० साली आणखी एक झाला. तेव्हा आजच्या रिक्षावाल्याच्या छातीवरचा बिल्ला हा टांगेवाल्यांचा वारसा आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

मोटारींसाठी सबंध देशाचा पहिला कायदा १९१४ चा. दुसरा, आणि आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा, १९३९ चा. मधल्या काळात खाजगी मोटारी रेल्वेचे उतारू पळवू लागल्या होत्या. त्यामुळे १९३९ च्या कायद्याने चालकाच्या लायसनबरोबर गाडीच्या परमिटालाही मोठे महत्त्व दिले, आणि प्रवासी गाड्यांचे दोन वर्ग पक्के केले. एक टप्पा वाहतूक: ठरलेला मार्ग, वाटेत थांबे, प्रत्येक उतारूचे वेगळे तिकीट. दुसरी कंत्राटी वाहतूक: एकाच गिऱ्हाइकाने भाडे ठरवून अख्खी गाडी करायची आणि मुक्कामी उतरायचे, वाटेत दुसरा कोणी घ्यायचा नाही. टॅक्सी आणि रिक्षा या दुसऱ्या वर्गात बसल्या. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, या मार्गावर पहिली एसटी धावली आणि आपल्या भागातली टप्पा वाहतूक हळूहळू एसटीकडे गेली. आता "एक सीट" या आरोळीचा अर्थ लक्षात येईल. कंत्राटी परमिटावर टप्प्याचा धंदा, हा वडापाचा गुन्हा. प्राधिकरणाने शेअर रिक्षाला मार्ग आखून दिला असेल, तर मात्र गोष्ट वेगळी.

आपल्या मराठीत 'परवाना' हा एकच शब्द सगळ्याला चालतो, म्हणून घोटाळा होतो. रिक्षा स्टँडवरची मंडळी पुस्तकी नसली तरी त्यांची भाषा इथे चोख आहे. लायसन, बॅच-बिल्ला आणि परमिट या तीन वस्तू ती कधी एकमेकींत मिसळत नाहीत. लायसन सांगते की या माणसाला गाडी हाकता येते. बिल्ला सांगतो की पोलिसांनी त्याची चालचलणूक तपासली आहे. परमिट माणसाविषयी काहीच सांगत नाही. रस्त्यावर आणखी एका भाड्याच्या गाडीला जागा आहे, एवढेच ते सांगते. पहिल्या दोन गोष्टी मेहनतीने मिळतात. तिसरी मिळणे न मिळणे सरकारच्या धोरणावर असते, आणि माझ्या मते गोरगरिबांची सगळी रखडपट्टी तिथेच झाली.

याचे उदाहरण दूर शोधायला नको. प्रवासी रिक्षा आपल्या देशात रुजवण्यात पुण्याचे उद्योजक नवलमल फिरोदिया यांचा मोठा वाटा होता, आणि आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून रिक्षा देशभर गेल्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने, जो १ जुलै १९८९ पासून लागू झाला, पाच लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत कंत्राटी गाड्यांची संख्या ठरवून देण्याची सोय ठेवली. तिचा आधार घेऊन १९९७ साली राज्यातल्या मोठ्या शहरांत रिक्षांची नवी परमिटे बंद झाली, ती २०१७ पर्यंत. वीस वर्षे! वस्ती वाढली, चाकणला मोटारींचे मोठमोठे कारखाने आले, पण परमिटांचा आकडा जागच्या जागी. ज्याच्याकडे बिल्ला होता पण परमिट नव्हते, तो दुसऱ्याची रिक्षा पाळीने चालवी आणि रोजचे भाडे मालकाच्या हातावर ठेवी. रद्द झालेली परमिटे मध्यंतरी सोडत काढून वाटली गेली. पोटापाण्याचा प्रश्न आणि चिठ्ठी उचलायची! गर्दी आवरायला मर्यादा हवी हे मलाही पटते. पण मर्यादा घातली की परमिट ही मिळकत होते, हेही ओघानेच आले.

शिक्षक बंधुभगिनींचा संबंध आला तो आणखी एका नियमामुळे. २००७ साली केंद्राच्या नियमांत एक अट आली, की व्यावसायिक गाडीच्या लायसनसाठी आठवी पास हवे. हेतू चांगला होता; चालकाला पाटी वाचता यावी. पण शेतावर ट्रॅक्टर हाकत मोठा झालेला, स्टेअरिंगवर हात बसलेला पोरगा सहावीतून शाळा सोडून गेलेला असे. त्याचा बाप शाळेच्या ऑफिसात येऊन म्हणे, "गुरुजी, दाखल्यावर तेवढं आठवी लिहा की." अशा वेळी मुख्याध्यापकाने काय करावे? खोटे लिहिले तर अपराध, न लिहिले तर एका घराची भाकरी अडते. हरियाणातल्या मेवात भागातून हीच अडचण केंद्रापुढे मांडली गेली आणि २०१९ साली ती अट काढून टाकण्यात आली. ज्यांच्या नोकऱ्या त्या बारा वर्षांत हुकल्या, त्यांचे काय, हा प्रश्न नियमांच्या पुस्तकात नसतो.

अलीकडे आरोळीची जागा मोबाईलने घेतली आहे, पण कायद्याचा प्रश्न जुनाच. गाडी जमवून देणाऱ्या कंपनीलाही लायसन हवे, असे आता कायदा म्हणतो; मार्च २०२४ मध्ये पुण्याच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने ओला आणि उबर यांचे चारचाकी गाड्यांसाठीचे अर्ज फेटाळले होते. चालकांपुरता एक दिलासा मात्र मिळाला. साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाडीला हलक्या वाहनाचे लायसन पुरते, व्यावसायिक म्हणून वेगळी नोंद नाही या सबबीवर विमा नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आणि २०२४ साली घटनापीठाने कायम केले.

जादा उतारूंचे तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या निकालाप्रमाणे, गाडीत जितक्या माणसांचा विमा उतरवलेला, तितक्यांच्याच भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येते. नऊ जणांच्या जीपमध्ये पंधरा असले, तर नऊ जणांचे पैसे पंधरा घरांत वाटले जातात आणि बाकीचे मालकाकडून वसूल करत बसायचे. हा आकडा गाडीच्या आर. सी. बुकात लिहिलेला असतो. बसण्याआधी तो विचारला, तर चालक थोडा चिडेल, पण सांगेल.